वाचक विचारतात : हरिकेन पाम, कोकणातली वाडी आणि सोलापूरचं ऊन

ह्या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे पामचे निघाले. मागच्या अंकात बॉटल पामचा फोटो छापला त्याचा परिणाम असावा. गुलाबावरच्या माव्याचे आणि डाळिंबाच्या तेल्याचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो, डाळिंबवाल्यांनी तोवर केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन विचारावं, ते आपल्या दारातच आहे आणि तिथं माझ्यापेक्षा बरं उत्तर मिळेल.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो, सासुरवाडी दिवेआगरची. निसर्ग वादळात सासऱ्यांची सुपारीची वाडी आडवी झाली, अजून बरीच जागा मोकळी पडलीय. मेव्हण्याने मोबाईलवर 'हरिकेन पाम' बघितला, म्हणतो हा वादळात पडतच नाही, समुद्राच्या बाजूला ह्याचीच लाईन मारू. खरंच पडत नाही का? लावायचा कसा आणि मिळतो कुठं?

दादा, मेव्हण्याला सांगा, कमी पडतो, पडतच नाही असं नाही. पण झाड खरंच भारी आहे आणि आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शास्त्रीय नाव डिक्टिओस्पर्मा आल्बम. मूळचा मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज ह्या तीन बेटांचा. हिंदी महासागरातली ही बेटं नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळाच्या वाटेवर असतात, तिथं जे झाड हजारो वर्षं टिकलं ते वाऱ्याला तोंड देऊनच टिकलं. तरी रानात आता हा जवळजवळ संपल्यात जमा आहे आणि त्याला वादळ कारण नाही, माणूस कारण आहे. ह्याच्या शेंड्यातला कोवळा गाभा खायला गोड लागतो, तो काढला की झाड मेलं, कारण पामला वाढीचा कोंब एकच असतो. मॉरिशसच्या उत्तरेला राउंड आयलंड म्हणून छोटं बेट आहे, तिथं ह्याचा कॉन्जुगेटम नावाचा प्रकार बोटावर मोजण्याइतका उरला होता. तिथं सोडलेल्या शेळ्या आणि ससे उगवलेलं प्रत्येक रोप खाऊन टाकायचे, शेळ्या १९७९ पर्यंत हटवल्या, ससे १९८६ पर्यंत, तेव्हा कुठं बेटावरच्या रोपांना डोकं वर काढायला मिळालं. आज जगात हा पाम दिसतो तो बहुतेक बागांमध्येच.

आता वाऱ्याचं. आंबा, वड ह्यांच्यासारखं पामचं खोड दरवर्षी जाड होत नाही, आत वार्षिक कडी नसतात, उभे चिवट धागे असतात आणि सगळ्यात कडक धागे बाहेरच्या कडेला आणि बुडाशी. म्हणून खोड वाकतं आणि परत सरळ होतं. फांद्याच नाहीत त्यामुळं फांदी मोडायचा प्रश्न नाही. पानाची पाती वाऱ्यात मिटतात, वारा मधून निघून जातो. हरिकेन पामचं नवीन पान उघडताना जवळ जाऊन बघितलंत तर पात्यांच्या टोकांना जोडणारी एक बारीक दोरीसारखी पट्टी दिसते, साध्या प्रकारात ती लवकर तुटून लोंबते, राउंड आयलंडच्या प्रकारात मात्र ती बराच काळ तशीच राहते आणि सगळी पाती एकमेकांना धरून असतात. हा प्रकार कुणी देतो म्हणाला तर आधी दहा वेळा खात्री करा, तो बाजारात सहज मिळणारा नाही.

पण झाड कोणतंही असू द्या, उभं राहतं ते मुळावर, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. पामला सोटमूळ नसतं. बुडातून शेकडो सारख्या जाडीची मुळं निघतात, जमीन मोकळी असेल तर चहूबाजूला लांबवर जातात. प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं गोल फिरलेल्या मुळांचं दहा फुटी झाड आणून लावलं तर ते दिसायला झकास पण धरून कशाला ठेवणार? म्हणून दोन-अडीच फुटाचं लहान रोप घ्या. पैसे पण वाचतात आणि चार-पाच वर्षात ते मोठ्या झाडाला गाठतं सुद्धा.

खड्डा खोल नको, रुंद हवा. पिशवीतल्या मातीची वरची पातळी आणि जमिनीची पातळी एकच. वादळात पडू नये म्हणून खोड फूटभर जास्त पुरतात लोक, हे करू नका, गाडलेल्या मुळांना हवा मिळत नाही, झाड नवीन पानं वेडीवाकडी आणि बारीक काढायला लागतं आणि दोन-तीन वर्षात जातं. मोठं झाड लावलंच तर तीन बाजूंनी बांबूचे टेकू द्या, खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर काथ्याने बांधा. खिळा मारायचा नाही म्हणजे नाही. आंब्याच्या खोडावरची जखम भरते, पामची भरत नाही, ते भोक तसंच राहतं आणि तिथूनच कीड शिरते.

आता मेव्हण्याच्या लाईनबद्दल. समुद्राच्या तोंडावर पहिली रांग ह्याची नको. वारा झेलतो म्हणजे खारे तुषार पण तेवढेच झेलतो असं नाही, खाऱ्या वाऱ्याला हा मध्यमच आहे, पानाची टोकं करपतात. पुढं आपलीच झाडं लावा, केवडा, उंडी, त्यामागं नारळ, आणि त्याच्या आडोशाला हरिकेन पाम. उंडी सावकाश वाढते म्हणून लोक नाक मुरडतात, पण किनाऱ्यावर तिच्याइतकं दणकट झाड शोधून दाखवा. झाडांची रांग थोडी विरळ असली तर वारा गाळून येतो आणि रांगेच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. दगडी कंपाउंड उंच बांधलं की वारा वरून उडी मारून पलीकडं भोवरे करतो, वाडीला त्याचा उलट त्रास होतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग मानू नका. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा होता, सुपारी उंच, बारीक आणि दाटीने लावलेली, ती जाणारच होती. पण वाडी हे सासऱ्यांचं उत्पन्न आहे. हरिकेन पाम एक रुपया देत नाही. तेव्हा मोकळ्या जागेत सुपारी-नारळच परत लावा, बाणवली नारळ घ्या, रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे तिथं रोपांची चौकशी करा, आणि हौस म्हणून घराच्या पुढं चार-पाच हरिकेन पाम. सगळीच्या सगळी वाडी शोभेची करायची कल्पना मला पटत नाही.

मिळण्याचं म्हणाल तर मोठ्या पाम नर्सऱ्यांत कधीमधी मिळतो, पण ओळखून घ्या. अलेक्झांडर पाम ह्याच नावाने खपवतात. फरक सोपा आहे. अलेक्झांडरचं पान उलटं करून बघा, खालून चंदेरी-राखाडी दिसतं आणि फळं लाल येतात. हरिकेनची फळं पिकल्यावर जांभळट काळी, पानांच्या देठांनी झालेला वरचा गुळगुळीत भाग पांढरट मेणचट आणि खालून फुगीर, आणि फुलांचे न उघडलेले कोष खाली दोन बाजूंना शिंगासारखे उभे. नर्सरीवाल्याकडं मोठं झाड नसेल तर निदान फोटो तरी मागा.

प्रश्न : विजापूर रोडला आमचं घर आहे. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून हरिकेन पाम आणून गेटजवळ लावला. थंडीपर्यंत मस्त होता, एप्रिलपासून पानांची टोकं जळायलीत, आता नवीन पान पण पिवळं येतंय. वाऱ्याला टिकणारा म्हणून घेतला होता, मग हे काय?

ताई, वाऱ्याला टिकणारा म्हणजे मॉरिशसच्या वाऱ्याला. तो वारा ओला असतो. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी जो वारा सुटतो तो भट्टीतनं आल्यासारखा, पारा ४३-४४ वर आणि हवेत ओलावा नावाला नाही. वादळात झाड मोडतं का हा एक प्रश्न, कोरड्या वाऱ्यात पानातलं पाणी मुळं भरून काढू शकतात का हा वेगळाच प्रश्न. ह्या पामची पहिल्यात फर्स्ट क्लास आहे, दुसऱ्यात काठावर पास. त्यात भर म्हणजे गेटजवळ, एका बाजूला डांबरी रस्ता, दुसऱ्या बाजूला पांढरी भिंत, दोन्हीकडून उष्णता.

नवीन पान पिवळं येतंय हे मात्र उन्हाचं नाही. तुमच्याकडं बोअरचं पाणी असणार, आणि खाली चुनखडी. बादलीत पांढरा थर बसतो का बघा, बसत असेल तर तेच कारण. चुन्याच्या जमिनीत लोह आणि मँगनीज असून सुद्धा मुळांना घेता येत नाही. लोहाची कमतरता असेल तर कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या. मँगनीजची असेल तर कोवळं पान आखूड, सुरकुतलेलं, टोकाला करपलेलं, जास्त झालं तर कोंबच मरतो, म्हणून ह्याच्याकडं दुर्लक्ष नको. मँगनीज सल्फेट मातीत आणि पानांवर दोन्हीकडून द्या, लोहासाठी चिलेटेड लोह (म्हणजे चुन्यात अडकणार नाही असं बांधलेलं) घ्या आणि त्यातही पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं, साधं हिराकस (फेरस सल्फेट) आपल्या चुनखडीत टाकलं की काही दिवसात निकामी होतं. पाकिटावरचं प्रमाण पाळा, दुप्पट टाकून दुप्पट फायदा होत नाही.

जमलं तर पावसाळा सुरू झाल्यावर गेटवरनं उचला आणि घराच्या पूर्वेला न्या, जिथं सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली. उचलताना मुळांचा गड्डा जितका मोठा घेता येईल तितका घ्या. ह्या उन्हाळ्यात तोवर हिरवी शेडनेट बांधा, बुडात उसाचं पाचट किंवा वाळका पाला चार बोटं जाड पसरा, तो खोडाला चिकटणार नाही एवढं बघा. पाण्याचं मला माहिताय, चार-पाच दिवसाआड नळाला येतं, म्हणून एकदम तळं करण्यापेक्षा ठिबकची एक नळी सोडा. काळ्या मातीत पाणी साचून राहिलं तर मुळं कुजतात आणि पान परत पिवळंच पडतं, मग लोक अजून पाणी घालतात.

आणि पुढच्या वेळी गेटजवळ लावायचं असेल तर मादागास्करचा बिस्मार्किया घ्या, निळसर राखाडी पंख्यासारखी पानं, ऊन आणि कोरडं दोन्ही सोसतो, फक्त जागा लई खातो. किंवा सरळ आपली शिंदी. ओढ्याकाठी फुकट उगवते म्हणून तिला कुणी विचारत नाही, नाहीतर गेटच्या दोन्ही बाजूला शिंदीची दोन झाडं काय दिसतात!

प्रश्न : ऑनलाईन हरिकेन पामच्या बिया मागवल्या, तीन महिने झाले, एक पण उगवली नाही. फसवलं का?

शक्यता आहे, पण लगेच फेकू नका. ताज्या बियांना सुद्धा दोन ते चार महिने लागतात. खरा घोळ ताजेपणाचा असतो, ह्या बिया कोरड्या पडल्या की जीव जातो आणि पाकिटात किती महिने पडून होत्या ते कुणी सांगत नाही. एक बी कापून बघा. आतला गर पांढरा, घट्ट आणि भ्रूण शाबूत असेल तर बाकीच्या ठेवा. राखाडी, पोकळ किंवा आंबूस वास असेल तर विषय संपला.

पुढच्या वेळी अशी पद्धत वापरा. फळाचा गर पूर्ण काढून बी स्वच्छ धुवायची, दोन दिवस पाण्यात, पाणी रोज बदलायचं. मग कोकोपीट आणि जाड वाळू निम्मी-निम्मी, मुठीत दाबली तर थेंब पडू नये इतकीच ओली. बी जेमतेम झाकेल इतकीच खोल. झाकणाच्या डब्यात घालून सावलीत पण गरम जागी ठेवा, सोलापुरात गरम जागा शोधायला लागत नाही. पत्र्याच्या शेडखाली मात्र नको, तिथं बी शिजेल.

परदेशातून थेट मागवायच्या भानगडीत पडू नका. बाहेरून बी आणायला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, २००३ पासूनचा केंद्राचा नियम आहे. पाकिटातून येणारे रोग परत पाठवता येत नाहीत.

प्रश्न : बॉटल पामची खालची पानं पिवळी पडतात, त्यावर नारिंगी ठिपके येतात. मी लगेच कापून टाकतो तरी थांबत नाही. कुंडीत आहे, गच्चीवर.

कापता म्हणूनच थांबत नाही. हे पालाशचं लक्षण आहे, पोटॅश कमी पडलं की पाम जुन्या पानातलं काढून नव्याला देतो. तुम्ही जुनं पान कापलं की तो त्याच्या वरच्यातलं काढतो. पूर्ण वाळून तपकिरी होईपर्यंत हात लावू नका. सल्फेट ऑफ पोटॅश द्या, सोबत थोडं मॅग्नेशियम सल्फेट, नुसतं पोटॅश दिलं तर मॅग्नेशियमची ओढ पडते आणि मग जुन्या पानाच्या कडेला रुंद पिवळा पट्टा येतो, मध्ये हिरवं. नवीन पानं सुधारलेली दिसायला वर्ष सुद्धा लागतं, धीर धरा.

बाकी तुमचा बॉटल पाम सुद्धा राउंड आयलंडचाच बरं का. त्याच कुळातला त्याचा एक भाऊ आहे, हायोफोर्बे अमारिकॉलिस, त्याचं सगळ्या जगात एकच झाड उरलंय, मॉरिशसच्या क्युरपिपच्या बागेत. आपण इथं गच्चीवर कुंडीत घेऊन बसलोय त्या झाडांची तिकडं ही गत आहे.

प्रश्न : वादळाचा इशारा आला की आमच्याकडं (अलिबाग) नारळ-पामची सगळी पानं छाटून फक्त शेंडी ठेवतात. बरोबर आहे का?

नाही. वाळलेली पानं, सुटलेले झाप, पिकलेले नारळ काढा, ते उडून कुणाला लागू नयेत म्हणून. हिरवी पानं ठेवा. बाहेरची पानं आतल्या कोवळ्या कोंबाला आधार देतात, ती काढली की सगळा वारा कोंबावर. शिवाय झाडाचं जेवण तिथंच तयार होतं, वादळानंतर सावरायला तेच लागतं. फ्लोरिडामध्ये वादळांनंतर हेच दिसलं, शेंडी ठेवून छाटलेल्या पामांचे माथेच जास्त मोडले. तिकडंच असंही दिसलंय की सेबल पाम वाऱ्यात घट्ट उभे राहतात आणि क्वीन पाम, वॉशिंग्टोनिया लवकर पडतात, तेव्हा किनाऱ्यावर वॉशिंग्टोनियाची रांग लावणाऱ्या रिसॉर्टवाल्यांनी हे जरा वाचावं.

वादळ होऊन गेल्यावर सगळी पानं गेली तरी झाड तोडायची घाई नको. कोंब टणक आणि हिरवा असेल तर चार-सहा महिन्यात नवीन पान येतं. कोंब हाताने ओढल्यावर निघून आला आणि खाली कुजका वास आला तर मात्र गेलं.

प्रश्न : पानं कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी कापलेली येतात. कसली कीड?

गेंड्या भुंगा. कोंबात बसून न उलगडलेलं पान खातो, ते उलगडलं की ही नक्षी दिसते. तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढा, नंतर वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू सारखी-सारखी मिसळून भरा, नारळाला साधारण पाव किलो पेंड, लहान पामला अंदाजाने कमी. त्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यात होते, तिथं भुंग्याच्या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. गेंड्याने केलेल्या भोकातनं सोंड्या भुंगा शिरतो आणि तो आला की झाड वाचवणं अवघड, म्हणून पहिल्यालाच आवरा.

प्रश्न : गेटच्या उजव्या बाजूला पाम शुभ की डाव्या?

पाण्याची पाईपलाईन आणि ड्रेनेज ज्या बाजूला नाही ती बाजू शुभ. वर विजेची तार नसेल तर अतिशुभ.

प्रश्न : लावायचा योग्य महिना कोणता? कोकणात आणि सोलापुरात वेगळा का?

वेगळा. सोलापुरात जून-जुलै, एक-दोन चांगले पाऊस पडले की. आपल्याकडं वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला बराचसा सप्टेंबरमध्ये, त्यामुळं आधी लावलं तर सप्टेंबरच्या ओलीत मुळं पसरतात आणि पुढच्या उन्हाळ्याला थोडं तरी बळ येतं. किनाऱ्यावर जिथं पाणी साचतं तिथं सप्टेंबरमध्ये लावा, मोठा पाऊस ओसरल्यावर, नाहीतर खड्डा म्हणजे हौद होतो आणि रोप तरंगतं. निचऱ्याची वाळूची जमीन असेल तर तिकडं पण जूनमध्ये चालेल. दिवेआगरवाल्या दादांनी उंडी आणि केवडा ह्याच जूनमध्ये लावून टाकावा, हरिकेन पाम त्याच्या मागं दोन वर्षांनी आणला तरी काही बिघडत नाही.